नगर, नकाशा आणि आरोग्य : दिवाळे गावाच्या निमित्ताने पद्धतिविचार

नगरांच्या आरोग्याचा अभ्यास आता उपग्रहचित्रे, स्थाननिर्देशित माहिती व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने होऊ लागला आहे. घरांची दाटी, वृक्षाच्छादन, पाणथळ जागा इत्यादी गोष्टी संगणक चित्रावरून ओळखतो आणि रुग्णनोंदींशी त्यांचा मेळ घालून रोगाच्या धोक्याचे अनुमान करतो. या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि तिचे अनुमान प्रमाण केव्हा मानावे, हा प्रश्न अद्याप पुरेशा कसोशीने विचारला गेलेला नाही.

बेलापूरलगतचे दिवाळे हे खाडीकाठचे जुने कोळीवाड्याचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व पुढे या गावाभोवती आखीव नगर उभे राहिले. दाट गावठाण आणि रुंद रस्त्यांची वसाहत येथे एकमेकांस लागून आहेत. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातील सूक्ष्मतम घटक १० मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे १०० चौरस मीटरांचा असतो. गावठाणातील बोळ, ओटा व दोन-तीन घरे त्या एका ठिपक्यात मिसळून जातात. अधिक सूक्ष्म चित्र घेतले तरी दिसते ते छप्पर. त्याखाली बिऱ्हाडे किती व नळास पाणी किती वेळ, हे त्यावरून कळत नाही.

दुसरा दोष एककाचा. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईतील माटुंगा, चेंबूर पश्चिम व दहिसर या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के व्यक्तींमध्ये करोनाची प्रतिपिंडे आढळली. प्रभागाच्या सरासरीवर रंगविलेल्या नकाशात हे अंतर लोपले असते. दिवाळे गावठाण शेजारच्या वसाहतीसह एकाच आकड्यात घातल्यास तेच घडेल.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. तो यंत्रास शिकविण्याच्या सामग्रीत असतो. अमेरिकेतील एका प्रणालीने रुग्णांची गरज त्यांच्यावरील खर्चावरून मोजली. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असल्याने, आजार अधिक असूनही त्यांची गरज कमी ठरली, हे ओबरमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले. भरती-ओहोटीच्या वेळेने चालणारे मच्छीमार कुटुंब सरकारी दवाखान्याच्या वेळेत पोहोचले नाही, तर नोंदीअभावी तेही निरोगी ठरेल.

या शास्त्राचा आद्य दाखला म्हणून जॉन स्नो यांचा लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीचा नकाशा सांगितला जातो. परंतु दूषित पंपाशेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार का वाचले, हे नकाशाने सांगितले नाही. ते पंपाचे पाणी न पिता कारखान्याची बिअर पीत, हे स्नो यांना मालकाकडे चौकशी केल्यावर समजले.

म्हणून नव्या अभ्यासकांनी तीन पथ्ये पाळावीत. गावठाण हे स्वतंत्र एकक धरावे. प्रारूपाच्या चुकीचे प्रमाण त्या एककापुरते वेगळे नोंदवावे. आणि अनुमानाची घरोघर पडताळणी करावी. पाहणीस प्रथम कोठे जावे, हे नकाशाने खुशाल सुचवावे. परंतु दवाखाना कोठे नको, हा निर्णय केवळ त्याच्या आधारे झाला, तर शास्त्राच्या नावाखाली जुनीच उपेक्षा पुढे चालू राहील.