अंतर दिलेले नाही, मग गणित चुकीचे?

नांदूरघाटच्या (ता. केज, जि. बीड) नववी-दहावीतील काही मुलांपुढे आम्ही एक उदाहरण ठेवले. एसटी गावाहून केजला ताशी ४० किलोमीटर सरासरी चालीने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर चालीने परतली. संपूर्ण प्रवासातील सरासरी चाल किती? बहुतेकांनी ५० लिहिले. एका मुलीने मात्र पेन खाली ठेवले. "सर, अंतर दिलेलंच नाही. गणित चुकलंय."

दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. पण आमच्या मते त्या मुलीचे उत्तर अधिक मोलाचे. सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हे तिला ठाऊक होते. समजा, अंतर १२ किलोमीटर. जायला १८ मिनिटे, यायला १२ मिनिटे. अर्ध्या तासात २४ किलोमीटर, म्हणजे ताशी ४८. अंतर कोणतेही धरा, उत्तर बदलत नाही. हळू चालताना बस जास्त वेळ रस्त्यावर असते, म्हणून सरासरी ४० च्या बाजूला झुकते. आणि सरासरी वेग? तो शून्य, कारण बस निघाली तेथेच परत आली.

पाठाखालची आपली उदाहरणे एकाच साच्यातली असतात : दिलेले, सूत्र, किंमती, उत्तर. या साच्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्याने एककांची शिस्त लागते, मांडणी नीटनेटकी होते. ज्यांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, ज्यांना घरी विचारायला कोणी नाही, अशा मुलांना त्याचा आधारच असतो. दोष वेगळा आहे. या उदाहरणांत हवी तेवढीच माहिती असते. एक आकडा कमी नाही, एक जास्त नाही. सूत्र कोणते, हे पाठाचे नावच सांगते. म्हणजे विद्यार्थ्याला निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि भौतिकशास्त्र तर त्या निर्णयातच असते.

संवेगाचे उदाहरण घेऊ. २०० किलोग्रॅमची हातगाडी सपाट रस्त्यावर सेकंदाला २.५ मीटर वेगाने घरंगळत आहे. वरून ५० किलोग्रॅमचे पोते तिच्यात सरळ खाली पडते. नवा वेग किती? रस्त्याचे घर्षण नगण्य मानू. संवेग अक्षय्य धरला तर उत्तर २ मीटर. गतिज ऊर्जा अक्षय्य धरली तर सुमारे २.२४. दोन्ही सूत्रे पाठ आहेत, निवडायचे कोणते? गाडी व पोते मिळून एक संहती मानली, तर तिच्यावर आडव्या दिशेने बाहेरचे बल नाही, म्हणून आडवा संवेग टिकतो. ऊर्जेचे तसे नाही. पोते गाडीच्या फळीवर घसरत तिचा वेग पकडते, त्यात ६२५ पैकी १२५ ज्यूल उष्णतेत जातात. हे दोन वाक्यांचे कारण उत्तरपत्रिकेत कोणी मागत नाही.

तरंगांचेही तेच. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, एवढ्यावर पाठ संपतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपला सारा भाग हादरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाचे प्राथमिक तरंग खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने जातात, दुय्यम तरंग साधारण ३.५ ने. मग १०० किलोमीटरवरच्या गावी दोन धक्क्यांत किती अंतर पडेल? सुमारे १७ आणि २९ सेकंद, म्हणजे १२ सेकंदांचे. उलट, या १२ सेकंदांवरून केंद्र किती दूर, हे भूकंपमापक यंत्राच्या नोंदीतून काढता येते. गणित तेच सोपे भागाकाराचे. पण ते आपल्या पायाखालच्या जमिनीचे आहे.

हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, तरी गणिते सोडवण्यात तरबेज विद्यार्थीही तिच्यात अडखळतात. आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. शाळेत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही, वर फेकलेल्या चेंडूवर शिखराशी कोणते बल असते, हे आम्हांला पदवीपर्यंत नीट उमगले नव्हते. हवेचा रोध सोडला, तर वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना बल एकच असते : गुरुत्वाकर्षण.

शिक्षकमित्रांना आमची सूचना लहान आहे. आठवड्यातून एकच उदाहरण असे द्यावे, ज्यात एक आकडा गाळलेला किंवा एक जादा असेल. सोडवण्यापूर्वी अंदाज विचारावा, नियम का लागू पडतो हे विचारावे, आणि शेवटी उत्तर पटते का तेही. "गणित चुकलंय" म्हणणाऱ्या मुलीला खाली बसवू नये. तिला एवढेच विचारावे : अंतर आपणच धरून पाहूया का?