वाचकाचा आक्षेप

आपल्याकडे पुस्तकांवर बोलले पुष्कळ जाते; वाचले किती जाते असे विचारले की मंडळी नाराज होतात. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, वक्ते कवितासंग्रहाला मशाल म्हणतात आणि आत्मकथनाला जळता दस्तऐवज म्हणतात. पुढे तेच भाषण परीक्षण म्हणून छापून येते. यात वाचक कोठे आहे? प्रस्थापित समीक्षेने आपल्या साहित्याला एकसुरी ठरवले, आक्रस्ताळे ठरवले, तेव्हा आपण तिचा समाचार घेतला, तो घ्यायलाच हवा होता. परंतु त्या लढाईत आपल्याला एक सवय जडली. आक्षेप बाहेरच्याने घेतला तर तो शत्रू आणि घरातल्याने घेतला तर तो फितूर. मग उरतो तो केवळ गौरव.

ही सवय बाबासाहेबांची नव्हे. त्यांनी १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिले, तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. ग्रंथ त्यांना मोलाचा वाटला होता. तरीही रसेल पैशाच्या मोहाला सरसकट दोषी धरतो, तेथे त्यांनी त्याला अडवले. पैसा कशासाठी हवा, हे पाहिल्यावाचून त्याच्या मोहाचा निवाडा कसा करणार? संपत्तीने माणूस बिघडतो, या म्हणण्यावर त्यांचे उत्तर होते की दोष संपत्तीत नाही, तिच्या विषम वाटणीत आहे. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचे माणूसपण अधिक खचते. हे पुस्तकी उत्तर नव्हे. वाचणारा कोठून आला आहे, हे त्यात दिसते. आणि तरीही ते युक्तिवाद म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहते, लेखकाच्या जन्माचा दाखला पुढे करून नव्हे.

परक्या तत्त्वज्ञाशी कोणीही भांडेल, असे म्हणाल तर १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडा. प्रास्ताविकातच बाबासाहेब विचारतात की एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाला म्हातारा, आजारी आणि मृत माणूस त्यापूर्वी कधी दिसलाच नसेल, हे पटते काय? ज्याला शरण जायचे त्याच्याविषयीची परंपरागत कथा त्यांनी अशी तपासली. आपण हा ग्रंथ वंदनेसाठी उघडतो. या चार पानांवर थांबतो का?

या कसोटीवर मी माझ्याच वाचनाचा हिशेब मांडणार आहे, आणि तो मला फारसा शोभणारा नाही.

‘गोलपिठा’ १९७२ साली आला. तेंडुलकरांनी प्रस्तावनेत आपल्याला न कळलेल्या शब्दांविषयी लिहिले, तेव्हा आमच्यात हशा पिकला होता: पांढरपेशांना कोश लागतो! खरे सांगायचे तर मलाही लागला असता. मराठवाड्यातल्या महारवाड्यात वाढलेल्याला कामाठीपुऱ्याची बोली कोठून यावी? पण न कळल्याची कबुली देणे म्हणजे आपण त्यातले नव्हे असे म्हणणे, म्हणून मी वर्षानुवर्षे मान डोलावली. कळली ती कविता फार उशिरा, तेही शब्दांमुळे नव्हे. तिच्यातला श्वास मोठ्याने वाचल्यावर सापडला. जन्माने अनुभव मिळतो, कविता वाचण्याची अक्कल मिळत नाही.

उलट बाजूची कबुली ‘कोसला’ची. ती नागसेनवनात मी चिडून वाचली. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात वडिलांचे पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. परतायला गाव आहे, वाडा आहे, शेत आहे. आमच्या वसतिगृहात शिष्यवृत्ती लांबली की खाणावळ बंद होत असे, आणि नापास झालेल्याला परतण्यासारखे काही नसे. त्याचे निरर्थक वाटणे ही जमीनवाल्याची चैन आहे, असे मी समासात लिहून ठेवले. आजही ते मत मी मागे घेत नाही. पण मनीच्या मृत्यूची पाने आली तेव्हा मला पुढचे पान उलटता आले नाही, हे मात्र मी कोणाला सांगितले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. समासातली टीप लिहिणारा आणि त्या पानावर थांबलेला, हे दोघे एकच वाचक आहेत, आणि यातल्या एकालाच सभेत उभे करणे हा अप्रामाणिकपणा आहे. ‘बनगरवाडी’चेही तसेच. शेवटी दुष्काळात वाडी उठते, ते मी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांमध्ये वाढलेला म्हणून वाचले. माडगूळकरांची जात तेथे आडवी आली नाही.

प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ला (१९७९) आपण न्याय दिलेला नाही. त्यात आरोळी नाही, म्हणून व्यासपीठावर त्याचा उपयोग कमी. बहिणीच्या आसऱ्याला राहणारे पोरके पोर भुकेविषयी सांगते, तेही उदगीरकडच्या बोलीत, सुट्या सुट्या प्रसंगांतून आणि सूत्राचा आग्रह न धरता. विद्रोह शोधणाऱ्याला तो या पुस्तकात सापडत नाही, कारण तो वाक्यांत नसून सांगण्याच्या संयमात आहे.

आता ‘बलुतं’. १९७८ साली ते आले तेव्हा आपल्याच सुशिक्षितांनी नाके मुरडली: घरातली घाण चव्हाट्यावर कशाला? मी दया पवारांच्या बाजूने तावातावाने भांडलो. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, या रचनेने मी भारावलो होतो. आठ वर्षांनी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. फलटणच्या दुकानात बसून पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचणारी ही बाई. स्वतःचे लिखाण वीस वर्षे तिने नवऱ्यापासून लपवून ठेवले. तिने गावकुसाबाहेरचे दैन्य सांगितले आणि त्याच दमात महारवाड्यातल्या सुनांच्या पायांत ठोकले जाणारे लाकडी खोडेही सांगितले. ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ म्हणणारे ते पुस्तक त्या ‘आम्ही’लाही सोडत नाही.

ते मिटवून मी पुन्हा ‘बलुतं’ काढले. दगडूच्या संशयात त्याचा पहिला संसार मोडतो, ती पाने वाचली. पूर्वी मी त्यांना प्रामाणिक कबुली म्हटले होते आणि कबुली देणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक केले होते. त्या बाईचे काय म्हणणे होते, हे मला एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. पुस्तकात बोलणाराही दगडू आणि ऐकणाराही दगडूच. ज्या रचनेने मी भारावलो, तिच्यातच तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. हा आक्षेप १९७८ सालीच माझ्या परीक्षणात यायला हवा होता. तेव्हा मी लढाईत होतो.