नाममुद्रा आणि माती

जुन्या वस्तूंवर आपलें जें प्रेम असतें तें पुष्कळदां त्यांच्या कथेवरील प्रेम असतें. वऱ्हाडांत, विशेषतः कापसाच्या व्यापारानें एके काळीं भरभराटीस आलेल्या यवतमाळ, वणी, दारव्हा या बाजूच्या जुन्या घरांतून, फडताळाच्या वरच्या खणांत किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर निळ्या नक्षीची एखादी विलायती बशी अजूनही दृष्टीस पडते. तिच्याविषयीं विचारावें, तों घरांतील वडीलधारें माणूस सांगूं लागतें कीं, ही फार जुनी. कंपनी सरकारच्या वेळची. अमुक साहेबानें पणजोबांना दिलेली. बशी पालथी करून पाहण्याचें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय ती पालथी बाजू हा आहे. इंग्रजी मातीच्या भांड्यांची ओळख आणि त्यांचा कालनिर्णय हा विषय आपल्याकडे फारसा परिचित नसला, तरी ज्यांनीं संतवाङ्मयाच्या संशोधनांतील वाद वाचले आहेत त्यांना त्याची रीत अनोळखी वाटूं नये. तुकोबांची नाममुद्रा शेवटीं आली एवढ्यावरून अभंग तुकोबांचा ठरत नाहीं. नामदेव आणि त्यांच्या पुष्कळ नंतर झालेला विष्णुदास नामा या दोघांची कविता ‘नामा’ या एकाच मुद्रेखालीं मिसळून गेली, आणि ती वेगळी करतांना अभ्यासकांना मुद्रा बाजूस ठेवून भाषेकडे पाहावें लागलें. भांड्याच्या बुडावरील शिक्का ही कारखानदाराची नाममुद्रा होय. तिच्याविषयीं माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

प्रथम या साक्षीदाराचें म्हणणें नीट ऐकून घेऊं. जोसाया वेजवुड यांनीं १७५९ सालीं बर्स्लेम येथें स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या नांवाचा लौकिक इतका वाढला कीं, पुढें स्टॉकटन येथील विल्यम स्मिथ यांच्या कारखान्यानें त्या नांवांत मधेंच एक जादा ‘ई’ घालून तें आपल्या मालावर उमटविलें. १८४८ सालीं न्यायालयाच्या मनाई-हुकमानें हा प्रकार थांबला. टन्स्टॉलची ‘वेजवुड आणि कंपनी’ ही तर निराळीच पेढी. नांव खरें, पण कारखाना वेगळा. म्हणजे नामदेव आणि विष्णुदास नामा यांचा घोटाळा येथेंही आहेच. उलट, नांव बदलणारी पेढी कालनिर्णयाला मोठें साह्य करते. स्पोड यांचा स्टोक येथील कारखाना १८३३ सालीं कोपलंड व गॅरेट यांच्या भागीदारींत गेला, आणि ती भागीदारी १८४७ सालीं संपली. त्या दोघांचीं नांवें एकत्र छापलेलें ताट हातीं आलें, तर त्याच्या काळाच्या दोन्ही मर्यादा एकदम ठरतात.

याहून बोलकी खूण नोंदणीची. नक्षीची चोरी होऊं नये म्हणून इंग्लंडांत १८४२ पासून मातीच्या भांड्यांची नवी नक्षी सरकारदरबारीं नोंदवितां येऊं लागली, आणि अशा मालावर पत्त्यांतील चौकटच्या आकाराचा एक शिक्का येऊं लागला. त्याच्या माथ्यावरील वर्तुळांत वस्तूचा वर्ग असतो. मातीच्या भांड्यांचा वर्ग चौथा. कोपऱ्यांतील अक्षरांनीं व आंकड्यांनीं वर्ष, महिना आणि दिवस सांगितलेला असतो. परंतु वर्षाचीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें लावलेलीं नाहींत: १८४२ चें अक्षर ‘एक्स’, १८४३ चें ‘एच’, १८४४ चें ‘सी’. एवढ्यानेंही भागत नाहीं. २६ वर्षांत २६ अक्षरें संपलीं, तेव्हां १८६८ पासून तींच पुन्हां वापरण्यांत आलीं आणि त्यांची जागा तेवढी बदलली. वर्षाचें अक्षर माथ्याशीं, वर्गाच्या खालीं असेल तर तें १८६७ पर्यंतचें. उजव्या कोपऱ्यांत असेल तर त्यापुढचें. एकच ‘एक्स’ माथ्याशीं असला तर १८४२, आणि उजवीकडे असला तर १८६८! ही पद्धत १८८३ अखेर बंद झाली. १८८४ पासून एक या अंकापासून सरळ क्रमांक सुरू झाले, आणि १९०० च्या आरंभीं ते साडेतीन लाखांच्या पुढें गेले होते.

आतां या साक्षीची मर्यादा पाहूं. नोंदणीची तारीख ही नक्षीची जन्मतारीख आहे, भांड्याची नव्हे. लोकांना आवडलेली नक्षी कारखाने वर्षानुवर्षें छापीत राहत. म्हणून या खुणेवरून पूर्वमर्यादा तेवढी कळते. ‘इंग्लंड’ या शब्दाचेंही असेंच आहे. १८९१ सालीं अमेरिकेंत मॅकिन्ले यांच्या नांवानें ओळखला जाणारा जकातीचा कायदा अंमलांत आला आणि तेथें जाणाऱ्या परदेशी मालावर देशाचें नांव असणें सक्तीचें झालें. त्यामुळें हा शब्द असलेलें भांडें सामान्यतः त्या सुमारानंतरचें, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असें असलेलें बहुधा विसाव्या शतकांतलें, असें मानतात. परंतु याचें उलट विधान करतां येत नाहीं. शब्द नाहीं म्हणून भांडें १८९१ पूर्वीचें, असें म्हणणारा तर्काच्या पहिल्याच पायरीवर घसरतो. ती सक्ती अमेरिकेच्या वाटेवरील मालाला होती. मुंबई बंदरांत उतरणाऱ्या मालाला नव्हती.

या शिक्क्यांचे कोश झाले आहेत. चॅफर्स यांचा १८६३ सालीं निघाला. जेफ्री गॉडन यांचा ब्रिटिश मातकामाच्या शिक्क्यांचा ज्ञानकोश १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. गॉडन यांच्या ग्रंथांत चार हजारांहून अधिक शिक्के आहेत, आणि त्यांचें ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु कोशाच्या वापरांत एक धोका असतो, आणि तो कोशकाराचा नसून वाचणाराचा दोष होय: शिक्का सांपडला कीं शोध संपला असें त्याला वाटूं लागतें. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील कितीतरी उत्तम भांड्यांवर शिक्का मुळींच नाहीं. अशा वाचकाच्या लेखीं तीं सारीं अनाथ ठरतात. शिवाय नकली माल करणाराला सर्वांत सोपें काम शिक्का उठविण्याचें असतें. माती, झिलई आणि वजन साधणें त्याहून फार कठीण.

म्हणून मुद्रा बाजूस ठेवून भांड्याची भाषा वाचावी लागते. तें प्रथम उजेडासमोर धरावें. पोर्सिलेन असेल तर मागें धरलेल्या बोटांची सावली दिसते. साधें मातीचें असेल तर दिसत नाहीं. मग बुडाच्या कडेशीं, जेथें झिलई ओघळून साचते, तेथें तिचा रंग पाहावा. वेजवुड यांनीं १७६० च्या दशकांत लोकप्रिय केलेल्या दुधी रंगाच्या भांड्यांत ती पिवळसर किंवा हिरवट दिसते. १७७९ नंतर झिलईंत किंचित कोबाल्ट घालून जीं अधिक पांढरीं भांडीं होऊं लागलीं, त्यांत ती निळसर दिसते. भट्टींत ज्या टेकूंवर भांडें ठेवीत त्यांचे बारीक व्रणही पुष्कळदां राहिलेले असतात. झिलईखालची निळी छपाई स्पोड यांनीं १७८४ च्या सुमारास साध्य केली. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरीत, ती पातळ कागदावर उतरवीत, आणि तो कागद एकदां भाजलेल्या कोऱ्या भांड्यावर दाबून चोळीत. कांठावर कागदाचीं टोकें जेथें जुळतात तेथें नक्षीची वेल एकाएकीं तुटलेली दिसते. हा सांधा सांपडला म्हणजे तेवढी नक्षी हातानें रंगविलेली असल्याचा दावा संपला.

चित्राचा पुरावा आपल्या दृष्टीनें विशेष रंजक आहे. कॅप्टन टॉमस विल्यमसन यांचें हिंदुस्थानांतील शिकारीवरचें सचित्र पुस्तक १८०५ ते १८०७ या काळांत लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतील सॅम्युएल हॉविट यांच्या चित्रांवरून स्पोड यांनीं शिकारीच्या देखाव्यांचीं ताटें काढलीं. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्यानें टॉमस व विल्यम डॅनियल यांच्या चित्रांतून भारतीय इमारतींचे देखावे उचलले. अशा ताटावर हत्ती दिसतो म्हणून तें येथें घडलेलें नव्हे; आणि शिकारीचें ताट १८०५ पूर्वीचें असूं शकत नाहीं, हें शिक्का नसला तरी सांगतां येतें. याच्या उलट, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं जें मातकाम झालें, त्यावरील रोमन अक्षरें पाहून तें विलायती समजण्याची चूकही होऊं शकते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण विलो वृक्षाच्या नक्षीचें. पुलावरील तीन माणसें आणि वर उडणारीं दोन पांखरें असलेली ही नक्षी इंग्लंडांतच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, चिनी नमुन्यांवरून जुळविली गेली. पळून गेलेल्या प्रेमी युगुलाची जी प्राचीन चिनी कथा तिच्याबरोबर सांगतात, ती नक्षीच्या मागून, इंग्लंडांतच रचलेली आहे. आधीं बशी, मग कथा. आपल्या घरांतूनही बहुधा हाच क्रम असतो.

आमच्या घरीं अशी एक बशी आहे. सत्तावन सालाच्या आधीं एका इंग्रज अधिकाऱ्यानें आमच्या पूर्वजाला, त्याच्या प्रामाणिकपणावर खूष होऊन, ती दिली अशी कथा मीं लहानपणापासून ऐकली होती. वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला तो १८५३ सालीं. म्हणजे कथेला चारच वर्षें मोकळीं राहतात, तरी ती अशक्य म्हणतां येत नाहीं. एके दिवशीं बशी पालथी केली. नोंदणीचा क्रमांक चार लाखांच्या किंचित पुढचा निघाला, आणि त्याखालीं ‘इंग्लंड’ हा शब्द. नक्षी नोंदली गेली ती १९०३ च्या सुमारास. बशी त्याआधींची असणें शक्य नाहीं.

येथेंच थांबलों असतों तर मी केवळ एक कथा मोडणारा ठरलों असतों. पण शिक्का बोलून झाला तरी बशी बोलत होती. ज्या बशींत सुरीकांट्यानें जेवण होतें तिच्या मध्यभागीं सुरीचे बारीक ओरखडे उमटतात. या बशीवर तसा एकही नाहीं. उलट कांठावर चार ठिकाणीं तारेच्या गंजाचे तांबूस डाग आहेत, आणि बुडाची कडा झिजलेली नाहीं. तेव्हां ती साहेबाच्या मेजावर वापरली गेली नसून नवी असतांनाच भिंतीवर चढली असावी. आमचा जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ या नांवानें ओळखला जाई. त्या सुमारास किंवा थोडें पुढें, कापसाचा पैसा हातीं आल्यावर घरांतील कोणीतरी ती हौसेनें विकत आणली असावी. हें अनुमान आहे; सिद्धान्त म्हणून मी तें मांडीत नाहीं. परंतु जुन्या कथेपेक्षां त्याला बशीचा आधार अधिक आहे.

हें घरांत सांगावें कीं न सांगावें, हा मला प्रश्न पडला. ऐंशी उलटलेल्या आत्याबाई आमच्याकडे असतात, आणि ती कथा त्यांचीच. शेवटीं सांगितलें. त्या बराच वेळ बशीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे साहेबानें दिली नाहीं म्हणतोस?”

“तसें दिसत नाहीं, आत्या.”

“मग आपल्यापैकीं कोणाला तरी ती आवडली असेल,” असें म्हणून त्यांनीं ती पदरानें पुसली आणि माझ्या हातीं परत दिली.

माझ्या साऱ्या विवेचनाचें सार या वाक्यांत आलें. कथेनें आम्हांला साहेबाची शाबासकी मिळवून दिली होती. पुराव्यानें आमच्याच घरांतील एका अनामिक माणसाची आवड परत दिली. दंतकथा मोडली म्हणजे वारसा उणा होतो असें मानणारांनीं याचा विचार करावा. तथापि कथाही टाकून देऊं नये. आपण कोणत्या गोष्टींचा अभिमान बाळगीत आलों याचा ती एक दाखला आहे. म्हणून ती जशी ऐकली तशी लिहून बशीशेजारीं ठेवावी, आणि तिच्याखालीं शिक्का काय सांगतो व माती काय सांगते हेंही लिहावें. वाचकांनीं आपापल्या घरची बशी एकदां पालथी करून पाहावी. हात मात्र जपून लावावा. चुकलेली कथा दुरुस्त होते, फुटलेली बशी होत नाहीं.