मत्तञ्ञुता, समजीविता आणि अपरिग्रह : धर्मानंद कोसंबींच्या एका समीकरणाचा विचार

मराठीत पाली अध्ययनाचा पाया घालणारे धर्मानंद कोसंबी यांचे जून १९४७ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे देहावसान झाले. सेवाग्रामच्या आश्रमजीवनाला आधारभूत असलेल्या एकादश व्रतांत अस्वाद व अपरिग्रह ही दोन व्रते होती. बौद्धांचा संयम आणि आश्रमाचा संयम ही एकाच वस्तूची दोन नावे होत, असा समज मराठी लेखनात वारंवार आढळतो. त्याला विद्वत्तेचे पाठबळ मिळाले ते मात्र कोसंबींच्याच ग्रंथांतून.

पार्श्वनाथाचे चार याम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह, बुद्धाने स्वीकारले आणि त्यांना समाधी व प्रज्ञा यांची जोड दिली, हा कोसंबींचा सिद्धान्त होय. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात तो येतो आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकाचाही तो कणा आहे. श्रमणपरंपरेचे ऐक्य दाखविण्याच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. तथापि पंचशीलाशी ताडून पाहता पहिल्या तीन यामांना तेथे प्रतिरूप सापडते. अपरिग्रहाला सापडत नाही. भिक्षूला चीवर, पिंडपात, शयनासन व भैषज्य एवढ्याच प्रत्ययांची मुभा असल्याने त्याच्यापुरते समीकरण जुळते. उपासकापाशी येताच ते सैल पडते, आणि उपभोगाचा खरा प्रश्न तर उपासकाचाच असतो.

पाली परिभाषा याबाबत अधिक नेमकी आहे. ‘भोजने मत्तञ्ञुता’ याचे भाषांतर ‘मिताहार’ असे केले की ‘मत्ता’ उरते, ‘ञ्ञुता’ लोपते. मूळ शब्दात भर अल्पतेवर नसून जाणण्यावर आहे. संयुत्तनिकायातील पसेनदीची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आलेल्या कोसलराजाला बुद्ध व्रत देत नाही, उपवासही सांगत नाही. एक गाथा म्हणतो. राजा ती सुदस्सन नावाच्या माणवकाकडून पाठ करवून घेतो आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणावयास लावतो. या कामी त्या माणवकास रोज शंभर कार्षापणे मिळत, हा तपशील संगीतिकारांनी गाळला नाही हे विशेष! राजाचा आहार क्रमाक्रमाने नाळीभर भातावर येतो. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधाच्या संदर्भात आजही जिवंत आहे. ‘मत्ता’चा अर्थ त्याच्या जवळचा आहे.

गृहस्थासाठी अंगुत्तरनिकायात ‘समजीविता’ हा स्वतंत्र शब्द योजलेला आहे. दीघजाणु कोलिय बुद्धाला सांगतो की, आपण मुलाबाळांच्या गर्दीत राहणारे, काशीचे चंदन लावणारे, सोने-रुपे बाळगणारे लोक आहोत. उत्तरादाखल त्याला त्याग सांगितला जात नाही. तराजू दाखविला जातो. आय व व्यय यांचा तोल राखावा. तुटपुंज्या मिळकतीत डौल मिरविणारा उंबर झोडपून खाणाऱ्यासारखा. पण भरपूर मिळकत असून हलाखीत जगणाराही तितकाच दोषी, तो उपाशी मरणार असे लोक म्हणतात. अपरिग्रहाच्या चौकटीत या दुसऱ्या दोषाला जागा मिळणे कठीण.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि विदर्भातील बौद्ध उपासकांची संख्या एकाएकी वाढली. त्यांपैकी बहुसंख्यांची अल्पोपभोगाची स्थिती ही निवड नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती. अशा वाचकापुढे अभावाचा गौरव बुद्धाच्या नावावर मांडणे हे अर्थदृष्ट्या चूक आणि परिणामी अन्यायाचे ठरते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाने दारिद्र्याला धन्य अवस्था म्हटले नाही, असे प्रतिपादन केले. समजीवितेची सुत्ते त्यास पोषक आहेत.

सेवाग्राम येथे कोसंबींनी अखेरीस केलेल्या अन्नत्यागाचाही उल्लेख येथे टाळता येत नाही. गांधींनी त्यांना या निश्चयापासून परावृत्त करण्याचा यत्न केला होता. त्या कृतीचा आधार जैन सल्लेखनेत मिळतो, पाली विनयात नव्हे; उपोषणाची तपश्चर्या बुद्धाने बोधीपूर्वीच सोडली होती. कोसंबींनी जोडलेल्या दोन परंपरा त्यांच्याच चरित्रात येथे अलग होतात.