भरतीचा भूगोल आणि साहित्याचा भूगोल : तीन कथात्म कृतींच्या संदर्भात

प्रास्ताविक :
युद्ध राष्ट्र लढते असे आपण म्हणतो. मरण मात्र ठरावीक जिल्ह्यांच्या वाट्याला अधिक येते. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे परदेशी रणभूमीवर पाठविली गेली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली. लोकसंख्येत देशाचा दहावा हिस्साही नसलेल्या अविभाजित पंजाबने लढाऊ भरतीपैकी जवळजवळ निम्मी माणसे दिली. 'लढवय्या जमातीं'चा वासाहतिक सिद्धान्त, जमिनीचे आमिष आणि जिल्ह्यांना नेमून दिलेली भरतीची उद्दिष्टे ही त्यामागील कारणे होत. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. हा विषम भार साहित्यात कसा उमटला, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विवेचन :
चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या 'उसने कहा था' (१९१५) या हिंदी कथेत जमादार लहनासिंगाला मरताना भाऊ आणि स्वतः लावलेले आंब्याचे झाड आठवते. कथा संपते ती मात्र वृत्तपत्रातील मृतांच्या यादीतील एका नोंदीवर. त्या नोंदीत पलटण आहे, हुद्दा आहे, गाव नाही. मुल्कराज आनंद यांच्या 'अॅक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' (१९४०) या कादंबरीतील लालू गेलेली जमीन परत मिळेल या आशेने लढतो. भरतीमागचे अर्थकारण येथे उघड होते.

मराठीत विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही श्रेष्ठ कादंबरी. तिच्या नावात युद्धभूमी आहे; परंतु तिच्या केंद्रस्थानी सैनिक नाही, बोटीवरील ज्यू निर्वासित आहेत. हा कादंबरीचा दोष नव्हे. मानवी मनालाच रणांगण मानणे हे तिचे सामर्थ्य आहे. प्रश्न आहे तो समीक्षेला : ज्या प्रदेशातून माणसे लढायला गेली, त्या प्रदेशाच्या हाती लेखणी होती काय? गुलेरी आणि आनंद हेही त्या युद्धात लढलेले नव्हते. मात्र आनंद यांचे वडील सैन्यात नोकरीस होते आणि गुलेरींचे मूळ गाव भरतीच्या कांगडा भागातले. अनुभव नसला तरी सान्निध्य होते.

येथे केवळ प्रदेशाचा निकष अपुरा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरती बंद झालेल्या महारांची पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. गरजेपुरते बोलावणे आणि गरज सरताच नाकारणे हाही युद्धभाराचाच एक प्रकार होय.

निष्कर्ष :
युद्धसाहित्याची समीक्षा राष्ट्रभावनेच्या एकाच मापाने करता येणार नाही. कोणत्या गावाने, कोणत्या जातीने किती माणसे दिली आणि त्यांच्याविषयी कोणी लिहिले, हे दोन नकाशे शेजारी ठेवावे लागतील. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी भिंतीवर गणवेशातील छायाचित्र असते. 'रणांगण' शिकविताना त्या छायाचित्राविषयी विचारणे हाही पाठ्यकृतीच्या अध्ययनाचाच भाग ठरावा.