बायोमेड-२ आणि आमचा मेणाचा ब्लॉक

लिम्फोमाच्या निदानात पीसीआर वापरायचा तर २००३ साली ‘ल्युकेमिया’ या नियतकालिकात आलेला बायोमेड-२चा पेपर वाचावाच लागतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी वाचला तेव्हा मी भारावून गेले होते. आता वर्ध्यात बसून परत वाचताना माझी एक तक्रार आहे.

आधी मुद्दा समजून घ्या. प्रत्येक बी-पेशी अँटिबॉडीचा जीन आपल्यापुरता कापून-जोडून घेते, म्हणून त्या तुकड्याची लांबी पेशीगणिक बदलते. टीबीने सुजलेल्या गाठीत नाना तऱ्हेच्या बी-पेशी असतात, आलेखावर टेकडी दिसते. लिम्फोमात एकाच पेशीची पिल्लावळ, म्हणून एकच सुळका. आपल्याकडे मानेत गाठ आली की आधी टीबीच आठवतो, तेव्हा हा फरक किती मोलाचा ते सांगायला नको. (बायोप्सी अगदी लहान असेल तर खोटा सुळकाही येतो. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा चालवायचा.)

या मंडळींनी १०७ प्रायमर १८ नळ्यांत बसवले. त्याआधी ज्याची त्याची रेसिपी होती. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण पेपरची भिस्त मुख्यतः गोठवून ठेवलेल्या ऊतीतल्या चांगल्या डीएनएवर आहे. हिंगणघाट-आर्वीकडच्या पेशंटची गाठ आमच्या टेबलावर येते ती मेणाच्या ब्लॉकमध्ये. फॉर्मलिन बिनबफरचं असलं किंवा गाठ त्यात आठवडाभर राहिली की डीएनएचा भुगा होतो. एफआर१ या प्रायमर-संचाला ३१० ते ३६० बेसपेअरचा सलग तुकडा लागतो, तो मिळतच नाही. एफआर३ला १०० ते १७० पुरतात, म्हणून तेवढाच चालतो. आणि फॉलिक्युलर लिम्फोमात जीनमध्ये इतके बदल झालेले असतात की एफआर३चे प्रायमर बरेचदा चिकटतच नाहीत. सुळका नाही, म्हणून रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. तो वाचणारा काय समजणार? लिम्फोमा नाही!

डीएनए कितपत शाबूत आहे हे दाखवणारी १०० ते ६०० बेसपेअरची शिडी याच पेपरात आहे. माझ्या मते ती प्रत्येक रिपोर्टवर छापायला हवी होती, आणि हे लेखकांनी ठणकावून सांगायला हवं होतं. एका ब्लॉकची शिडी १००वरच थांबली तेव्हा आमच्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी होत्या, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. मी पेनने तिसरी काढली: ‘डीएनए अपुरा, गाठ पुन्हा पाठवा’.

तुम्ही वॉर्डात रेसिडेंट असाल तर एवढंच करा: १० टक्के बफरवालं फॉर्मलिन वापरा, आणि गाठ त्यात कधी टाकली ती तारीख-वेळ बरणीवर लिहा.