दार उघडे आहे, कशावरून?

सेबास्टियन थ्रून, वोल्फ्राम बुर्गार्ड आणि डिटर फॉक्स यांचे ‘प्रॉबॅबिलिस्टिक रोबोटिक्स’ हे पुस्तक एमआयटी प्रेसने २००५ साली प्रसिद्ध केले. ते उच्च अभ्यासक्रमासाठी असले, तरी त्याची पहिली दोन प्रकरणे संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकांनी जरूर वाचावीत, असे आम्हांला वाटते. मात्र वाचताना एका ठिकाणी थांबून विचार करायला हवा.

रोबोचे संवेदक चुकतात, चाके घसरतात. म्हणून रोबोने ‘मी इथेच आहे’ असे ठामपणे न म्हणता ‘मी इथे असण्याची संभाव्यता इतकी’ असे म्हणावे आणि प्रत्येक निरीक्षणानंतर तो आकडा सुधारावा, हे पुस्तकाचे सूत्र. लेखकांनी ते प्रत्यक्षातही आणले आहे. त्यांच्या ऱ्हायनो या रोबोने १९९७ साली बॉनच्या संग्रहालयात गर्दीतून वाट काढत प्रेक्षकांना वस्तू दाखवल्या.

सूत्र समजावण्यासाठी दिलेले दाराचे उदाहरण फार छान आहे. दार उघडे की बंद, हे रोबोला ठाऊक नाही. दार उघडे असताना संवेदक ‘उघडे’ सांगण्याची संभाव्यता ०.६, आणि बंद असताना चुकून ‘उघडे’ सांगण्याची ०.२. हे वर्गात असे मांडता येईल : १०० दारे उघडी, १०० बंद. ‘उघडे’ हे उत्तर उघड्यांपैकी ६० आणि बंदांपैकी २० दारांबाबत येईल. म्हणजे एकूण ८० पैकी ६० वेळा ते खरे, संभाव्यता ०.७५.

रोबोने जागेवरूनच पुन्हा पाहिले आणि पुन्हा ‘उघडे’ आले, तर? गणित म्हणते ०.९, तिसऱ्यांदा ०.९६. पण समजा, दारावर पडलेल्या उन्हाच्या तिरिपेने संवेदक फसला होता. मग ती तिरीप तिन्ही वेळा फसवणार! निरीक्षणे तीन झाली, पुरावा एकच राहिला. प्रत्येक निरीक्षणातली चूक स्वतंत्र असते, हे या गणितातले गृहीत आहे. लेखक ते लपवत नाहीत. संवेदक बिघडलेला असण्याची शक्यताही हिशेबात कशी धरावी, हे दुसऱ्या प्रकरणातल्या एका अभ्यास-उदाहरणात सुरेख आले आहे. मूळ विवेचनात मात्र ही गोष्ट चटकन मागे पडते.

एकाहून अधिक रोबो आले, की हीच उणीव मोठी होते. पुस्तकाचा भर एकट्या रोबोवर आहे; रोबोंच्या गटाचा विचार तुलनेने थोडक्यात येतो. पहिल्या रोबोने दुसऱ्याला ‘दार उघडे’ असे कळवले. दुसऱ्याने तेच तिसऱ्याला सांगितले आणि फिरून ते पहिल्याकडे आले. आपलीच बातमी त्याने नवा पुरावा म्हणून मोजली, तर कोणीही नव्याने न पाहता सगळ्या गटाची खात्री वाढेल आणि सगळे मिळून बंद दारावर आदळतील. यावर उपाय आहेत. दोन अंदाजांचा आपसातला संबंध माहीत नसतानाही ते सावधपणे एकत्र करण्याची एक रीत सायमन ज्युलियर आणि जेफ्री उलमन यांनी १९९७ साली मांडली. तिच्यात खात्री हळू वाढते, पण फुकाची वाढत नाही. आमच्या मते हा विषय पुस्तकात अधिक ठळकपणे यायला हवा होता.

शिक्षकांना तो वर्गात सहज घेता येईल. ‘उद्या सुट्टी आहे’ असे पाच मुलांनी सांगितले, तर किती खात्री धरावी? आकडेमोडीला बसण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारू द्या : पाचांपैकी सूचना स्वतः कितींनी वाचली?